गरिबाच्या स्वेटरवर बत्तीस टक्के

"तो टेक्निकल विषय आहे, आपल्याला त्यातलं काय कळतंय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली ते कानावर पडलं की मी सावध होते. विजेच्या बिलाचं असो, विम्याच्या कागदांचं असो, जिथे जिथे हे वाक्य येतं तिथे कुणीतरी कुणाच्या तरी खिशात हात घातलेला असतो. ज्याचा खिसा आहे त्याने वाकून बघू नये म्हणून विषयाला ‘टेक्निकल’ नावाची पाटी लावायची, झालं!

आजचा विषय असाच पाटी लावलेला आहे. परदेशातून येणाऱ्या विणलेल्या कपड्यांची, म्हणजे स्वेटर, टी-शर्ट, बनियन यांची कस्टम्सच्या पुस्तकात वर्गवारी कशी करतात आणि त्यावर कर कसा लावतात, हा. पळून जाऊ नका! मला या वयात हे कुठून सुचलं म्हणाल, तर न्यू जर्सीतल्या भाचीच्या मुलीसाठी मी स्वेटर विणला आणि तो पाठवायला कुरिअरच्या दुकानात गेले, तर तिथल्या मुलाने ‘एचएस कोड’ विचारला. मला काही सांगता येईना. घरी येऊन तिकडच्या भाच्याला फोन केला, तर साहेब म्हणाले, "मावशी, ते टेक्निकल असतं, तू नको डोकं लावूस." मग काय, लावलंच डोकं. हे सगळं पुस्तक इंटरनेटवर उघडं पडलेलं आहे, कुणीही वाचावं. मी वाचलं, आणि वाचता वाचता जो संताप आला तो इथे मांडते आहे.

आधी पुस्तकाबद्दल. जगातल्या यच्चयावत वस्तूंची एक यादी आहे. तिचं नाव हार्मोनाइज्ड सिस्टीम, म्हणजेच तो ‘एचएस’. ब्रुसेल्सला जागतिक कस्टम्स संघटनेचं कार्यालय आहे, तिथून ही यादी चालते. १ जानेवारी १९८८ पासून ती लागू आहे आणि आज दोनशेच्या वर देश आणि प्रदेश ती वापरतात. प्रत्येक वस्तूला सहा आकडी क्रमांक. त्यापुढे प्रत्येक देश आपापले आकडे जोडतो. आपल्याकडे एकूण आठ होतात, अमेरिकेत दहा. घोडे पहिल्या प्रकरणात, जुन्यापुराण्या दुर्मीळ वस्तू शेवटच्या सत्त्याण्णवाव्या प्रकरणात, आणि मधे सगळा संसार.

कपड्यांची मुख्य प्रकरणं दोन. एकसष्टावं प्रकरण सुयांवर किंवा क्रोशाने विणलेल्या कपड्यांचं. बासष्टावं बाकीच्यांचं, म्हणजे मुख्यतः मागावर विणलेल्या कापडाच्या कपड्यांचं. गंमत बघा, आपल्या मराठीत दोन्हीला एकच शब्द, विणणे. इचलकरंजीचा मागवालाही विणतो आणि शेजारच्या काकूही विणतात. पण या पुस्तकात त्यांच्यामध्ये भिंत आहे. एका बाजूला धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून केलेलं ताणणारं कापड, ज्याला आपण दुकानात होजियरी म्हणतो, आणि दुसऱ्या बाजूला उभ्या-आडव्या धाग्यांचं. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. वस्तू वेगळ्या आहेत, खण वेगळे केले.

एकसष्टाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला टिपा आहेत. त्या वाचताना आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईलाही घाम फुटावा! विणलेला शर्ट हा शर्ट कधी म्हणायचा? त्याला कमरेच्या खाली खिसा असेल तर नाही म्हणायचा. तळाला घट्ट बसणारी वीण किंवा आवळायची सोय असेल तरी नाही. आणि निदान दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यावर मोजून एका सेंटिमीटरला उभे आणि आडवे सरासरी दहा टाके भरले नाहीत तरी नाही. (हातविणीत सेंटिमीटरला दोन-तीन टाके बसतात. विणणाऱ्यांना कळेल मी काय म्हणते ते.) बाळाचा कपडा कोणता? ज्या मुलाची उंची ८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही त्याचा. पुरुषाचा कोणता आणि बाईचा कोणता? पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर पुरुषाचा, उजवी डावीवर येत असेल तर बाईचा. शिवण्याच्या ढबीवरून उघडच कळत असेल तर तसं. आणि कशावरूनच कळेना, तर? तर तो बायकांच्या खणात टाकायचा! घरातलं कुणाचंच नसलेलं काम जसं शेवटी बाईकडे येतं, तसंच.

हे वाचून हसू येतं, पण हेही एक वेळ मान्य. एवढ्या मोठ्या जगाचा माल मोजायचा तर कुठेतरी रेघ मारावी लागते. वर्गात पस्तीस टक्क्यांना पास आणि चौतीसला नापास आम्हीही करत होतो. धागा मिसळलेला असेल तर वजनाने जो जास्त तो धरायचा, हा नियमही साधा आहे. म्हणजे स्वेटर हा लोकरीचा, सुताचा की कृत्रिम धाग्याचा हे तराजूवर ठरतं.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. खण पाडून झाले की प्रत्येक खणापुढे सरकार कराचा आकडा लिहितं. ब्रुसेल्सवाले फक्त खण पाडतात, आकडा ज्याचा तो देश लिहितो. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेने स्वेटरच्या खणांपुढे काय लिहिलंय ते बघा. हे त्यांचे वर्षानुवर्षांचे नेहमीचे दर आहेत, २०२५ सालचे गाजलेले जादा कर यात धरलेले नाहीत.

निव्वळ कॅशमिअरचा स्वेटर: ४ टक्के.
साध्या लोकरीचा: १६ टक्के.
सुती: १६.५ टक्के.
अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचा: ३२ टक्के.

पुन्हा वाचा. कॅशमिअर, म्हणजे आपल्या काश्मीरच्या नावाने ओळखली जाणारी, लडाख-मंगोलियाच्या थंडीत वाढणाऱ्या बकऱ्यांची महागडी लोकर, तिच्यावर चार. आणि अ‍ॅक्रिलिक, जे स्वस्त, धुवायला सोपं, जे गरीब घरातली पोरं घालतात, त्यावर बत्तीस. आठपट! टी-शर्टचंही तेच, सुती साडेसोळा आणि पॉलिएस्टरचा बत्तीस.

आपल्याकडे तर आपण अ‍ॅक्रिलिकच्या गुंड्यालाही ‘लोकर’च म्हणतो. हिवाळ्यात तिबेटी लोक फुटपाथवर स्वेटरचे ढीग लावून बसतात, त्यातले कित्येक लुधियानाचे आणि अ‍ॅक्रिलिकचे. शाळेच्या गणवेशाचे निळे, मरून स्वेटर? तेही बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे. इतक्या वर्षांत वर्गात कॅशमिअर घालून आलेलं एकही पोर मी पाहिलं नाही. कोणता स्वेटर कोणाच्या अंगावर असतो हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता साधं सातवीचं गणित करू. कर लागतो तो दुकानातल्या छापील किमतीवर नाही, माल बंदरात येतो तेव्हाच्या किमतीवर. समजा एक अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर ८ डॉलरला आला आणि एक कॅशमिअरचा ५० डॉलरला. अ‍ॅक्रिलिकवर कर ८ चे ३२ टक्के, म्हणजे २ डॉलर ५६ सेंट. कॅशमिअरवर ५० चे ४ टक्के, म्हणजे २ डॉलर. टक्केवारी सोडा, रोख पैशातसुद्धा स्वस्त स्वेटर घेणारीने महाग स्वेटर घेणारीपेक्षा जास्त कर भरला! आणि तिला ते कळलंही नाही, कारण हा कर पावतीवर कुठे लिहिलेला नसतो. तो बंदरात भरला जातो आणि किमतीत विरघळून जातो.

यावर माझ्याशी वाद घालणारे जे जे बोलतात ते मी इथेच घेते, म्हणजे प्रतिक्रियांमध्ये पुन्हा लिहायला नको.

पहिला मुद्दा: "मावशी, अडीच डॉलरने काय फरक पडतो?" एका स्वेटरने पडत नाही. पण कपडे सगळेच घालतात, आणि ज्याची कमाई कमी त्याच्या कमाईतला मोठा हिस्सा अशा लागणाऱ्या वस्तूंवर जातो. २०१७ साली जेसन फर्मन, कॅथरिन रस आणि जे शॅम्बॉ या तीन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडून दाखवलं की अमेरिकेचा आयात कर हा श्रीमंतांपेक्षा गरिबांवर जड पडणारा कर आहे, आणि त्यातही बायकांवर आणि एकट्याने मुलं वाढवणाऱ्यांवर. आणि ‘थोडंसंच तर आहे’ हा युक्तिवाद असेल तर तो थोडासा कर कॅशमिअरवाल्यांकडून घ्या की! त्यांना तर तो जाणवणारही नाही.

दुसरा मुद्दा: "देशातल्या कामगारांच्या नोकऱ्या वाचवायला हा कर आहे." हा मुद्दा गंभीर आहे, कारण कामगारही गरीबच. कर असा का झाला याचं मूळही इथेच आहे. कृत्रिम धागा हा अमेरिकेचा स्वतःचा मोठा धंदा. ड्यूपाँ कंपनीने अ‍ॅक्रिलिकचा धागा ‘ऑर्लॉन’ या नावाने १९५० च्या सुमाराला बाजारात आणला. कॅशमिअरच्या बकऱ्यांचा मात्र तिथे सांगण्यासारखा धंदा नव्हता. ज्याचा कारखाना देशात त्याच्यावरच्या आयातीला मोठा कर, ज्याचा नाही त्याला मोकळी वाट. दुसऱ्या महायुद्धानंतर वाटाघाटी होत होत बाकीच्या मालावरचे दर खाली आले. २०२५ च्या आधी अमेरिकेचा सगळ्या मालावरचा सरासरी आयात कर दोन-तीन टक्क्यांच्या घरात होता. कपड्यांचे दर मात्र चढेच राहिले. शिवाय १९७४ पासून २००४ संपेपर्यंत कोणत्या देशाने किती कपडे पाठवायचे याचे कोटेही होते.

बरं, वाचल्या का नोकऱ्या? अमेरिकेत कपडे बनवण्याच्या धंद्यात १९९० साली नऊ लाखांच्या आसपास माणसं होती. आज एक लाखसुद्धा नाहीत. तिथे विकले जाणारे जवळजवळ सगळे कपडे बाहेरून येतात. म्हणजे राखण करायची होती ते शेत कधीच मोकळं झालं, पण राखणदाराचा पगार चालूच आहे, आणि तो गोरगरिबांच्या स्वेटरमधून कापला जातोय.

तिसरा मुद्दा हल्ली तरुण मंडळी काढतात: "अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिक. पर्यावरणाला वाईट. कर जास्त असलेलाच बरा." पर्यावरणाची काळजी मलाही आहे. पण हे दर पर्यावरणाचा विचार करून लिहिलेले नाहीत, आणि त्याचा पुरावा त्याच पुस्तकात आहे. कृत्रिम धाग्याच्या स्वेटरमध्ये वजनाने २३ टक्के लोकर मिसळली की दर ३२ वरून १७ वर येतो. म्हणजे तीन-चतुर्थांशाहून जास्त प्लास्टिक तसंच, आणि कर जवळजवळ निम्मा! हा कसला पर्यावरण कर? मिसळायला लोकर परवडते त्याला ही सूट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चौथा मुद्दा सर्वांत लबाड आहे: "वर्गीकरण शास्त्रीय आहे, त्यात कुणाचा हेतू नाही." खण शास्त्रीय असतील, मान्य केलंच आहे. पण खण पाडणं आणि आकडा लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या मुद्दाम एकत्र करून दाखवल्या जातात. आता ती मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट काढा. तेच पुस्तक, तेच एकसष्टावं प्रकरण, त्याच टिपा युरोपीय संघातही आहेत. तिथे दर काय? कॅशमिअरला १२ टक्के, सुताला १२, अ‍ॅक्रिलिकलाही १२. जाड लोकरीच्या जर्सीसारखे एखाद-दोन अपवाद सोडले तर सरसकट बारा. त्यांनी खण पाडले, मोजणी केली, आणि आकडा सगळ्यांपुढे एकच लिहिला. आभाळ कोसळलं नाही! म्हणजे ३२ हा आकडा विणीतून येत नाही, तराजूतूनही येत नाही. तो कुणीतरी माणसाने लिहिलेला आहे, आणि माणूस तो खोडूही शकतो.

बायकांचा मुद्दा तर वेगळाच लिहायला हवा. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगातल्या अर्थतज्ज्ञांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१५ च्या आकड्यांवरून त्यांनी काढलं की बायकांच्या कपड्यांवरचा आयात कराचा बोजा पुरुषांच्या कपड्यांवरच्या बोजापेक्षा पावणेतीन अब्ज डॉलरने जास्त होता. बायका कपडे जास्त घेतात हे एक कारण, (हसा, हसा!) पण त्यांच्या कपड्यांवरचे दर एकूणात जास्त आहेत हे दुसरं. क्वचित उलटही असतं. एका प्रकारच्या चामडी हातमोज्यांवर पुरुषांसाठी १४ टक्के आणि बायकांसाठी १२.६ टक्के असा दर होता, तेव्हा टोट्स-आयसोटोनर ही कंपनी हा भेदभाव आहे म्हणून कोर्टात गेली. २०१० साली अपील कोर्टाने दावा काढून टाकला. कारण काय? दर वेगळे आहेत एवढ्यावरून सरकारचा भेदभावाचा हेतू होता असं ठरत नाही. २०१३ साली बुटांच्या आणि कपड्यांच्या कंपन्यांनी पुन्हा तोच प्रयत्न केला, पुन्हा तोच निकाल.

आता सांगा, हेतू कसा दाखवायचा? कुठल्या फायलीत कुणी लिहून ठेवणार आहे का की बायकांना लुटायचं आहे म्हणून? वर्गात मी जर मुलांना दोन पेढे आणि मुलींना एक दिला असता, आणि मुख्याध्यापकांपुढे "माझा हेतू नव्हता हो" म्हटलं असतं, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं का? हेतू गेला उडत, पेढे मोजा म्हणाले असते!

आणि या दरांपायी शहाणी माणसं काय काय उद्योग करतात ते बघण्यासारखं आहे. कमरेखाली खिसा असला की तो शर्टाच्या खणातून बाहेर पडतो हे वर सांगितलंच. मागावर विणलेल्या कपड्यांच्या प्रकरणातही असाच नियम आहे. मग बायकांच्या शर्टाला कमरेखाली एक चिमुकला खिसा लावायचा, ज्यात धड रुमालही मावणार नाही, आणि कमी कराच्या खणात जाऊन बसायचं. एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीने हे उघडपणे सांगितलेलं आहे. यात बेकायदा काही नाही. पण ज्या कंपनीकडे असे खिसे शोधून काढायला पगारी माणसं आहेत तिला सुटका आहे, आणि छोट्या दुकानदाराला नाही.

सर्वांत कहर सांताक्लॉजचा. नाताळात घालायचा लाल-पांढरा पोशाख, विणलेल्या पॉलिएस्टरचा, एका कंपनीने आयात केला. प्रश्न असा की हे सणाचं सोंग की खरे कपडे? सोंग असेल तर कर शून्य, कपडे असतील तर कोटावर ३२ टक्के. अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०१९ साली निकाल दिला की हे कपडेच. कारण कोटाला चेन होती, अस्तर होतं, शिवण पक्की होती, धुऊन पुन्हा घालण्याजोगा होता. एकदा घालून फेकायचा तकलादू असता तर करमाफ! म्हणजे चांगलं शिवलं, टिकाऊ केलं, ही चूक झाली. न्यायाधीशांना मी दोष देत नाही, पुस्तकात आहे तसं त्यांनी वाचलं. पण ज्या पुस्तकात टिकाऊपणाला दंड आणि फेकाऊपणाला बक्षीस आहे, त्या पुस्तकापुढच्या आकड्यांना शास्त्र म्हणायचं नाही.

इथवर वाचून आपल्याकडचे नातेवाईक म्हणतील, अमेरिकेचं काय ते अमेरिका बघेल. तर थांबा, आता घरचं काढते.

आपला कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्ट १९७५ सालचा. त्यातही हेच एकसष्टावं प्रकरण आहे, त्याच टिपांसह. २०१८ साली सरकारने तीनशेहून जास्त कापड-कपड्यांच्या वस्तूंवरचा आयात कर १० वरून २० टक्क्यांवर नेला. तोही सोडून देऊ. माझं भांडण आहे ते आपल्या पुस्तकातल्या एका छोट्या वाक्याशी. कपड्यांच्या कित्येक ओळींपुढे वर्षानुवर्षे दर असा लिहिला गेला: इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, ‘यांपैकी जे जास्त असेल ते’. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात विणलेल्या कापडाच्या नऊ प्रकारांवर हीच पद्धत आणली, २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त असेल ते.

हे ‘जे जास्त असेल ते’ काय करतं? पुन्हा गणित. आकडे समजण्यासाठी घेतलेत. समजा दर २० टक्के किंवा नगाला १०० रुपये. दोन हजारांच्या स्वेटरवर २० टक्के म्हणजे ४०० रुपये, शंभरापेक्षा जास्त, म्हणून ४०० घेतले. दर वीस टक्केच पडला. दोनशे रुपयांच्या स्वेटरवर २० टक्के म्हणजे ४० रुपये, शंभर जास्त, म्हणून १०० घेतले. दर पडला पन्नास टक्के! कागदावर सगळ्यांना एकच नियम, आणि प्रत्यक्षात वस्तू जितकी स्वस्त तितका कर जड. अमेरिकेने निदान ३२ असा आकडा समोर लिहिला. आपण तो एका वाक्यात लपवला.

फार स्वस्त परदेशी माल आला तर इथले कारखाने बुडतील, तिरुप्पूर-लुधियानाचं काय होईल, म्हणून हे केलं असं सांगतात. खोटी किंमत दाखवून माल आणणाऱ्यांना आळा बसतो असंही सांगतात. खोटी किंमत दाखवणाऱ्याला पकडा की! त्यासाठी तपासणी आहे, दंड आहे. चार चोरांसाठी खऱ्याच स्वस्त कपड्यावर दुप्पट-तिप्पट कर का? आणि कारखान्यांना राखायचं तर सरळ टक्केवारीने राखा, म्हणजे महागड्या विदेशी जॅकेटवाल्यानेही आपला वाटा तेवढ्याच प्रमाणात उचलला असं होईल.

आपल्या सरकारला उलटं करता येत नाही असंही नाही. जीएसटीत केलंच आहे. २०१७ साली एक हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के ठेवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के केले. अडीच हजारांच्या रेघेबद्दल भांडता येईल, पण दिशा बरोबर आहे: स्वस्ताला कमी, महागाला जास्त. मग एकच सरकार दुकानात एक न्याय आणि बंदरात नेमका उलटा न्याय कसं लावतं? उत्तर सोपं आहे. दुकानातला कर पावतीवर दिसतो, त्यावर लोक ओरडतात. बंदरातला दिसत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर जादा ५० टक्क्यांपर्यंत कर नेला तेव्हा केवढा गदारोळ झाला! तिरुप्पूरच्या कारखान्यांच्या बातम्या रोज येत होत्या, आणि यायलाच हव्या होत्या. त्याचं पुढे काय काय झालं तो वेगळा विषय. पण तो कर ज्या जुन्या करावर चढवला होता, त्या साडेसोळाबद्दल आणि बत्तीसबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. नवा कर बातमी होतो, जुना कर हवामान होतो. त्याच्याशी कुणी भांडत नाही.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. खण ठेवा, मोजणी ठेवा, टाके मोजा, वजनं करा, आकडेवारीसाठी ते लागतं. पण विणलेल्या कपड्यांपुढचा आकडा धागा कोणता यावर, घालणारा पुरुष की बाई यावर ठरवू नका. युरोपासारखा एकच दर लिहा. आणि आपल्या पुस्तकातून अंगावर घालायच्या कपड्यांपुढचं ‘जे जास्त असेल ते’ काढून टाका. एवढंच. यात क्रांती नाही, नुसती बेरीज-वजाबाकी आहे.

परदेशातल्या भाचे-पुतण्यांनो, तुमच्या तिकडच्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहायची पद्धत आहे असं तुम्हीच मला सांगता. मग लिहा. इकडच्यांनी अर्थसंकल्पाच्या वेळी फक्त आयकराच्या तक्त्याकडे न बघता कस्टम्सच्या पानावरही नजर टाकावी. आणि सगळ्यांनीच आज घरातला एखादा परदेशी बनावटीचा स्वेटर काढून त्याच्या आतली पट्टी वाचावी: धागा कोणता, कुठे बनला. मग वर दिलेल्या दरांशी ताडून बघा आणि मला कळवा.

माझं म्हणणं पटलं नाही तरी जरूर लिहा. पण आकडे देऊन लिहा. नुसतं "मावशी, ते टेक्निकल आहे" असं लिहिलंत तर प्रतिक्रिया छापणार नाही!